नाओशिमाला एक दिवस पुरेल का?

बी-६०१: मंडळी, एप्रिलमध्ये जपानला चाललोय. आम्ही दोघं, धाकटी (वय ९) आणि आई. ओसाकाहून सकाळी निघून नाओशिमा बेट बघायचं आणि रात्री परत, असा बेत आहे. समुद्राकाठचं कंटेम्पररी आर्ट म्युझियम आहे ना तिथे? ए-३०४ ताई, तुम्ही जाऊन आलाय. एक दिवस पुरतो का?

ए-३०४: पुरतो, पण नुसती पळापळ होते. शिंकान्सेनने (बुलेट ट्रेन) ओकायामा, तिथून साध्या गाडीने उनो, मग वीसेक मिनिटं बोट. जाण्यायेण्यातच बराच दिवस संपतो. आणि ते एक म्युझियम नाहीच, कामं अख्ख्या बेटावर विखुरलीत. एक रात्र राहा. बेटावर महाग वाटलं तर उनोला राहा.

सी-१०२: ते पिवळ्या भोपळ्याचं बेट का? भोपळा बघायला शिंकान्सेन म्हणजे कमाल आहे.

ए-३०४: काका 😄 भोपळा म्हणजे शिल्प, जपानी कलाकार यायोई कुसामांचं, १९९४ पासून धक्क्याच्या टोकाला बसलेलं. ऑगस्ट २०२१ च्या वादळात समुद्रात गेला. लाटा त्याला आपटतायत असे व्हिडिओ तेव्हा सगळीकडे फिरत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बसवला. फोटोसाठी रांग असते. फोटो काढा आणि पुढे सरका, त्यात जीव अडकवू नका.

डी-२०३: आम्हीही गेलो होतो. खरं सांगू? मला जरा अतीच वाटलं. आत फोटो काढू देत नाहीत, इथे उभे राहा, तिथे थांबा, हळू बोला. चिचू म्युझियममध्ये एवढं तिकीट काढून आत फक्त तीन कलाकार!

ए-३०४: पण तीनच आहेत म्हणून तर ते जमलंय. चिचू म्युझियम (२००४) वास्तुकार तादाओ आंदोंनी जवळजवळ सगळं टेकडीच्या पोटात बांधलं, समुद्राकडचा देखावा बिघडू नये म्हणून. जमिनीखाली असूनही फ्रेंच चित्रकार मोनेच्या खोलीत दिवा नाही, वरून झिरपणारा उजेड तेवढा. बूट काढून सपाता घालायच्या. पायाखाली संगमरवराचे दोन-दोन सेंटिमीटरचे पांढरे तुकडे, भिंतींवर कमळांच्या तळ्याची पाच चित्रं. आम्ही आत असताना बाहेर ढग आला आणि सगळ्या चित्रांचा निळा रंग एकदम जड झाला. ढग सरला, परत हलका. बाकी कुठल्याही म्युझियममध्ये मी एका चित्रासमोर इतका वेळ उभी राहिलेली नाही.

बी-६०१: बाकीचे दोन कोण?

ए-३०४: वॉल्टर द मारिया आणि जेम्स टरेल. द मारियाच्या दालनात पायऱ्यांच्या मधोमध २.२ मीटर व्यासाचा ग्रॅनाइटचा गोळा आणि भोवती सोनेरी मुलाम्याच्या २७ लाकडी आकृती. टरेलच्या एका खोलीत छताला चौकोनी भोक आहे, खाली बसून आकाश बघायचं. सांगून ते पटणार नाही, त्यामुळे सांगत नाही.

ई-५०४: गच्चीच्या गळतीचे दोन फोटो चुकून इथे आलेत, कृपया मेंटेनन्स ग्रुपवर टाका 🙏

बी-६०१: ९ वर्षांची मुलगी कंटाळेल का हो?

ए-३०४: चिचूत कदाचित. बेनेसे हाउस म्युझियममध्ये नाही. तिथे युकिनोरी यानागींचं काम आहे: पारदर्शक पेट्यांमध्ये रंगीत वाळूचे देशोदेशीचे झेंडे, पेट्या नळ्यांनी जोडलेल्या आणि आत मुंग्या सोडलेल्या. मुंग्यांनी बोगदे करकरून झेंडे पोखरलेत, एका देशाची वाळू दुसऱ्या देशात. आमचा मुलगा तिथून हलेना. आणि गच्चीत सुगिमोतोंचे समुद्राचे फोटो उघड्यावर लावलेत, ऊनपाऊस खात. फोटोतलं क्षितिज आणि समोरचं खरं क्षितिज एका ओळीत आणायला पोरं मान वाकडी करकरून बघतात.

डी-२०३: मुंग्या मलाही आवडल्या, ते मान्य. मिनामीदेरा म्हणून बेटावर कलेसाठी बांधलेली एक अंधारी इमारत आहे, तिथे मात्र लहान मुलांना जपून न्या. आत मिट्ट काळोख, भिंत चाचपत जायचं. डोळे सरावेपर्यंत काही मिनिटं काहीच दिसत नाही. आमची धाकटी रडायला लागली.

सी-१०२: मला एक कळत नाही, एवढ्याशा बेटावर हे सगळं आलं कसं?

ए-३०४: काका, हे तुमच्या आवडीचं. बेटाच्या उत्तरेला १९१७ पासून तांब्याचा कारखाना. त्याच्या धुराने डोंगर बोडके झाले. शेजारच्या तेशिमा बेटावर तर वर्षानुवर्षं बेकायदा औद्योगिक कचरा टाकला, ९ लाख टनांहून जास्त. तो पुढे नाओशिमावर आणून जाळला-वितळवला, २०१७ पर्यंत ते काम चाललं. कलेचा भाग बेटाच्या दक्षिणेला, १९९२ ला बेनेसे हाउस झालं तिथून वाढत गेला. त्यामुळे मला ते नुसतं श्रीमंतांचं खेळणं वाटत नाही. थोडं वाटतं, पण नुसतं नाही.

सी-१०२: हं. हे आधी सांगायचं ना.

ए-३०४: तेशिमाचं म्युझियम (२०१०) ऐका मग. काँक्रीटचं कवच, साधारण ४० बाय ६० मीटर, आत एकही खांब नाही, जाडी २५ सेंटिमीटर. आधी मातीचा ढिगारा रचला, त्यावर काँक्रीट ओतलं, सुकल्यावर आतली माती उपसून काढली. आत जमिनीतून पाण्याचे थेंब येतात, घरंगळतात, एकमेकांना मिळतात. बस्स, एवढंच.

सी-१०२: ४० मीटर आणि खांब नाही? उंची किती?

ए-३०४: जास्तीत जास्त साडेचार मीटर.

सी-१०२: एवढ्या चपट्या कवचाला? कोणी केलं डिझाइन?

ए-३०४: र्‍यूए निशिझावा. थेंबांचं काम रेइ नाइतोंचं.

बी-६०१: आईला चालणं झेपेल का? गुडघे दुखतात.

ए-३०४: बेटावर बस आहे, बेनेसे ते चिचू शटलही आहे. पण चिचूत आत चालणं बरंच, उतार-पायऱ्या आहेत. काकूंना एका दिवशी एकच म्युझियम दाखवा. आणि तारखा नीट बघा: चिचू सोमवारी बंद, तेशिमा सहसा मंगळवारी. सोमवारी सणाची सुट्टी आली तर बंदचा दिवस पुढे सरकतो. चिचूचं तिकीट ऑनलाइन, वेळेसकट काढायचं. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ पोचल्या पोचल्या बघून ठेवा.

बी-६०१: मग बुधवार-गुरुवार धरतो, उनोला मुक्काम. ओसाकाचा एक दिवस कापला. बायको खूश नाही, पण मुंग्यांचं ऐकून धाकटी नाचतेय.

सी-१०२: तेशिमाच्या कवचाच्या बांधकामावर तिथल्या दुकानात काही पुस्तक मिळालं तर आण रे. जपानी असलं तरी चालेल, आकृत्या असल्या म्हणजे झालं.