मॅशिंगसाठी २० लिटरचा थंड पाण्याचा जार घेऊ का ५० लिटरचा आईस बॉक्स?

शाळूवाला_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. साइझचा घोळ झालाय, जाणकारांनी जरा सांगा की ओ.

माझा थोरला भाऊ इंग्लंडला असतो, तिकडं तो घरी बिअर बनवतो. मागच्या दिवाळीला आला होता तेव्हा त्यानं मला मॅशिंग दाखवलं, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य (त्यालाच माल्ट म्हणतात) जाडसर भरडायचं, ६५-६७ डिग्रीच्या पाण्यात तासभर झाकून ठेवायचं, आणि पिठूळ धान्याचं गोड पाणी होतं. मला ते इतकं आवडलं की तेव्हापासून दर पंधरा दिवसाला करायलोय. आधीच सांगतो, मी बिअर बनवत नाही. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्स नसताना घरी आंबवता येत नाही, त्यामुळं यीस्टचा विषयच नाही. मी ते गोड पाणी आटवून काकवीसारखं घट्ट करतो, पोरं दुधात घालून पितात, आईला भाकरीबरोबर लागतं.

आत्तापर्यंत दीड-दोन किलोचं काम पातेल्यात केलं, पण पातेलं अर्ध्या तासात ८-१० डिग्री उतरतं, मग परत गॅस लावा, तळ धरतो, ढवळत बसा. आता एका वेळी ४ किलो करायचंय. भाऊ म्हणतो तिकडं सगळे पिकनिकचे कूलर वापरतात. आपल्याकडं माझ्यासमोर दोन पर्याय आहेत, एक लग्नात पाण्याचे असतात तो तोटीचा गोल जार २० लिटरचा, दुसरा चौकोनी आईस बॉक्स ५० लिटरचा. पैशात फार फरक नाही. मला वाटतंय मोठाच घ्यावा, पुढं कधी जास्त करायचं झालं तर. चूक आहे का हे?

लीड्सवासी_मूळचा_बाळीवेस

भाऊ, तुमच्या दादासारखाच मीपण इथं बनवतो, सात वर्षं झाली. इंग्लंडातपण १९६३ पर्यंत घरी बिअर करायला लायसन्स लागायचं, मग ते उठवलं. असो, साइझवर येतो, कारण ह्यात मी स्वतः पैसे घालवलेत.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, टाकी किती मोठी हे शेवटी किती लिटर पाहिजे त्यावरून ठरत नाही, दाणा किती किलो त्यावरून ठरतं. एक किलो भरडलेल्या माल्टला साधारण ३ लिटर पाणी घालतात, आणि तो किलोभर दाणा स्वतः पाण्यात पाऊण लिटरपेक्षा थोडी कमी जागा खातो, ०.६७ लिटर धरा. म्हणजे किलोला ३.६७ लिटर. तुमच्या ४ किलोला झाले पावणेपंधरा लिटर. २० च्या जारमध्ये आरामात बसलं आणि ढवळायला वर जागापण राहिली.

आम्ही २० लिटर बिअर करतो तेव्हा नेहमीच्या ताकदीला ५ किलोच्या आसपास माल्ट लागतं, ते होतं साडेअठरा लिटर, म्हणजे २० च्या जारमध्ये अगदी काठोकाठ. मग लोक विचारतात २० लिटर बिअर १५ लिटर पाण्यातून कशी निघते. तर ती एका पाण्यात निघत नाही. दाणा किलोमागं एक लिटर पाणी पिऊन बसतो ते परत येत नाही, म्हणजे १५ घातलं तर १० मिळालं. मग त्याच दाण्यावर दुसरं गरम पाणी घालून, ढवळून, परत काढतात. टाकी दोनदा भरते. म्हणून ती लहान चालते.

मी काय केलं, पहिला १९ लिटरचा घेतला आणि तिसऱ्याच खेपेला ७ किलोची दाट स्टाउट, म्हणजे काळी बिअर, करायला गेलो. हिशोब केलाच नाही. ७ किलोला पावणेसव्वीस लिटर जागा लागते, पाणी कमी करून किलोला २.६ घातलं तरी तेवीस होतात. झाकण बसेना, किचनच्या फरशीवर गरम चिकट पाणी, अर्धा दाणा बादलीत काढावा लागला. मग चिडून ६० लिटरचा चौकोनी घेतला आणि तो त्याहून वाईट निघाला. त्यात ४-५ किलो दाणा पसरला की थर तीन बोटं जाडीचा. दाण्याच्या टरफलाचा थरच गाळणी असतो, तो पातळ पडला की गढूळ येतं आणि कडेकडेनं पाणी धुऊन न घेताच निसटतं. वर रिकामी हवा भरपूर, त्यात उष्णता जाते. शेवटी ३८ लिटरचा गोल घेतला, तो आजपर्यंत आहे, ५ ते ९ किलो नीट होतं.

तुम्ही ४ किलोच करणार असाल तर २० चा गोल जार घ्या. गोल जारमध्ये ४ किलोचा थर वीतभर नाही तरी चांगला पाच इंच होतो. 'पुढं कधीतरी' साठी मोठा घेऊ नका, आज जेवढं दर पंधरा दिवसाला करणार तेवढ्याला घ्या.

मांडववाला_अक्कलकोटरोड

आमच्याकडं हे जार शंभरावर आहेत, लग्नाचं आणि ऑफिसचं पाणी, त्यामुळं जारचं मी सांगतो, माल्टचं मला कळत नाही.

हे जार थंड पाण्यासाठी केलेले असतात हे ध्यानात ठेवा. आत उकळतं पाणी ओतलं तर हलक्या जारचं आतलं प्लॅस्टिक फुगतं, बाहेरच्या कवचापासून सुटतं, मी बघितलंय, चहा भरायला गेलेल्या पोरांनी दोन घालवलेत. घेताना आत हात घालून तळ दाबून बघा, डबडब वाजला तर घेऊ नका. जड घ्या, आतून फूड ग्रेड लिहिलेला घ्या, नवाच घ्या, आमच्यासारख्याचा जुना नको कारण आत ओरखडे असतात त्यात वास बसतो. आतून स्टीलचे पण मिळतात, महाग आहेत पण तुमच्या कामाला तेच चांगले वाटतात.

दुसरं म्हणजे तोटी. ती तळाला टेकून नसते, दीड-दोन इंच वर असते, तेवढं पाणी खाली राहतं. जार पुढं कलता ठेवायला मागं लाकडाचा तुकडा लावायचा. आणि ती दाबायची तोटी काढून तिथं अर्ध्या इंची स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह बसवा, दोन्ही बाजूला सिलिकॉनचे वॉशर. त्या प्लॅस्टिकच्या तोटीत भरड अडकणार म्हणजे अडकणार.

लीड्सवासी_मूळचा_बाळीवेस

मांडववाल्या दादांनी लाखातलं सांगितलं. उकळतं पाणी ओतायची गरजच नाही. माल्ट थंड असतं म्हणून पाणी थोडं जास्त गरम घ्यायचं एवढंच. किलोला ३ लिटर असेल तर लक्ष्य तापमानातून दाण्याचं तापमान वजा करा, त्याला ०.४१ नं गुणा, ३ नं भागा, आलेला आकडा लक्ष्यात मिळवा. इथं हिवाळ्यात माझं माल्ट १२ डिग्रीला असतं, ६७ पाहिजे तर पाणी साडेचौऱ्याहत्तर लागतं. तुमच्याकडं मे महिन्यात माल्ट ३८ ला असेल, ७१ डिग्रीचं पाणी बस झालं. आधी ७० डिग्रीचं ४-५ लिटर पाणी जारमध्ये दहा मिनिटं ठेवून ओतून टाका, नाहीतर जारच दोन डिग्री खातो.

सुपातले_चार_दाणे

शाळूवाले दादा, तुमचं नाव बघून विचारते, मोड जवाला आणता का ज्वारीला? कारण ज्वारी असेल तर साइझच्या आधी दुसरं बोलायला पाहिजे, आणि पोरं पितात म्हणालात म्हणून लिहितेच.

मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबात आणि मुळ्यांत सायनाइड तयार होणारं द्रव्य असतं. आपल्याकडं शेतकऱ्याला हे माहीतच आहे, कोवळे फुटवे खाल्ले की जनावर दगावतं, ते ह्याच्यामुळंच. मोडाची ज्वारी उन्हात अगदी कडक वाळवायची, मग जाड कापडावर घेऊन दोन्ही तळहातांनी चोळायची. कोंब आणि मुळ्या मोडून पिवळट धाग्यांसारख्या सुटतात, त्या सुपानं पाखडायच्या. एकदा नाही, दोन-तीनदा, हातात घेतलेल्या दाण्याला एकपण शेपूट दिसलं नाही पाहिजे. आणि निघालेलं पाणी उघड्या भांड्यात उकळायचं, झाकण न ठेवता.

दुसरं, जवाचा स्टार्च ६५ ला शिजतो, ज्वारीचा त्या तापमानाला नीट शिजत नाही, त्याला ७० च्या वर लागतं, आणि तेवढ्या उष्णतेत साखर करणारी एंझाइम मरतात. शिवाय ज्वारीत ती मुळातच कमी. म्हणून नुसत्या ज्वारीचा मॅश केला तर गोडी अर्धवट राहते. मी काय करते, ज्वारीची पातळ कांजी आधी शिजवून घेते, ती ७० च्या आसपास उतरली की मग जवाचं माल्ट त्यात मिसळते, निम्मं निम्मं. ज्वारीला टरफल नसतं, नुसती ज्वारी घातली की तोटी गच्च बसते, जवाच्या टरफलामुळं गाळलंपण जातं.

शाळूवाला_जुळेसोलापूर

ताई, फार उपकार झाले. निम्मी मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणि निम्मं जव घालत होतो. चोळून घ्यायचो पण एकदाच, पाखडल्यावर बरीच शेपटं राहायची. ह्यापुढं तीनदा. आणि गोडी कमी का येते ह्याचं उत्तर दोन महिने शोधत होतो ते तुमच्याकडं मिळालं.

स्टील आतून असलेला २० चा जार घेतला, काल पहिलं मॅश झालं. २ किलो ज्वारीची कांजी, २ किलो जव, पाणी एकूण १२ लिटर. नळाला पाणी चार दिवसाआड येतं म्हणून आदल्या रात्रीच भरून ठेवलेलं, बोअरचं घातलं नाही, ते फार जड आहे. झाकण लावून जारला जुनी चादर दुहेरी गुंडाळली, वर दोरी बांधली. सुरुवातीला ६७ होतं, तासाभरानं उघडलं तर ६५.५. पातेल्यात जन्मात असं झालं नव्हतं. पांढऱ्या बशीत थेंबभर घेऊन आयोडीन टाकलं, निळं झालं नाही, तसंच तांबूस राहिलं, म्हणजे स्टार्च उरला नाही, सगळ्याची साखर झाली.

पहिलं पाणी आठ लिटरच्या जरा खाली निघालं, दुसऱ्यांदा सात लिटर घालून परत काढलं. पहिलं लिटरभर गढूळ होतं ते हळूच परत वरून ओतलं, मग असं स्वच्छ आलं की ग्लासातून पलीकडची खिडकी दिसत होती. लगेच कढईत चढवलं कारण आपल्या उन्हात ते गोड पाणी दुपारी तसंच ठेवलं तर संध्याकाळी फेसाळायला लागतं. पाच तास आटवलं, सव्वादोन किलोच्या आसपास भरलं.

एकच अडचण राहिली, मांडववाले दादा, कलता करूनपण तळाला लिटरभर राहतंच. व्हॉल्व्हला आतून वाकडा पाइप लावून तोंड तळाला नेलं तर चालेल का?

मांडववाला_अक्कलकोटरोड

चालेल की. अर्ध्या इंची स्टीलचा एल्बो घ्या आतल्या थ्रेडला, तोंड खाली करा, तळापासून बोटभर वर ठेवा, टेकवू नका नाहीतर ओढणारच नाही. पाइपाच्या तोंडाला स्टीलची जाळी गुंडाळून क्लिपनं आवळा. फॅक्टरी एरियात पाइप फिटिंगवाल्याकडं जार घेऊनच जा, माप न्यायच्या भानगडीत पडू नका, थ्रेड जुळत नाहीत. आणि पुढच्या खेपेला एक वाटी इकडं पाठवा ओ, आमच्या म्हातारीलापण काकवी लई आवडते.