आरटीईच्या २५ टक्के जागा आणि आमचा घसरता पट

खडूफळा
१९ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेय, म्हणून लिहिते. शिक्षण हक्क कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. त्यांच्या फीची भरपाई सरकार करतं, आपल्याकडे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये. सगळे हिला समतेची योजना म्हणतात. मला ती बाजाराची वाटते. पैसा मुलाच्या मागोमाग शाळेबाहेर जातो. ज्या आईबापांना ऑनलाइन फॉर्म भरता येतो, लॉटरीवर लक्ष ठेवता येतं, ते आधी निघतात. शाळा व्यवस्थापन समितीत तोंड उघडणारी माणसंही तीच. पट, म्हणजे मुलांची संख्या, घसरला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) शिक्षकाचं पद जातं, एका बाईंकडे दोन वर्ग येतात. ते बघून आणखी दोन पालक दाखला मागायला उभे. कोठारी आयोगानं १९६६ साली शेजारशाळा सुचवली होती, वस्तीतली गरीब-श्रीमंत सगळी मुलं एकाच शाळेत. आपण त्या वाटेला गेलोच नाही.

पाचवीची आई
ताई, मी चार घरी काम करते. माझी मुलगी याच २५ टक्क्यांतून शिकतेय. आधी पालिकेच्या शाळेत चौकशी केली होती. एक बाई, तीन वर्ग, आणि त्या बिचाऱ्या दिवसभर माहिती भरण्यात. मी तिथं थांबून भांडायचं होतं का? शिक्षक येईपर्यंत पोरगी सातवीत गेली असती. साहेबांची, नगरसेवकांची मुलं तिथं नाहीत, त्यांना कुणी थांबायला सांगत नाही. तुमची मुलं कुठं शिकली?

खडूफळा
मुलगा चौथीपर्यंत माझ्याच शाळेत होता. पुढे तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातला. तुमचा प्रश्न लागला, आणि लागायलाच हवा होता.

लहान शाळेचा विश्वस्त
भरपाई कागदावर आहे. आमच्यासारख्या कमी फीच्या शाळांना ती वर्षानुवर्षं थकून मिळते, शिक्षकांचे पगार त्यातच अडकतात.

वकिलीण
खडूफळाताई, तुमचाच मुद्दा धरून जागा बंद करता येतात हे विसरू नका. राज्य सरकारच्या ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेनं, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट दिली. त्या जवळच्या शाळेत शिक्षक वाढवायची तरतूद तिच्यात नव्हती. उच्च न्यायालयानं १९ जुलैला ती रद्द केली म्हणून या ताईंसारख्यांच्या मुलांची वाट उघडी राहिली.

खडूफळा
त्या अधिसूचनेला माझाही विरोध होता. जागा राहू देत. पट घसरला तरी तीन वर्षं पद हलवायचं नाही, एवढा नियम मला हवाय. त्या तीन वर्षांत आम्ही मुलं परत आणून दाखवू.

पाचवीची आई
त्यासाठी मोर्चा काढणार असाल तर मी येते. रविवारी ठेवा, त्या दिवशी दोनच घरं असतात.