मदत हवी आहे: कर्ज आणि पुनर्रचनेचा विषय मुलांकडून हाताने कसा करून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

पुढच्या सत्रात विधीच्या पाचव्या वर्षाला ‘कॉर्पोरेट फायनान्स व पुनर्रचना’ हा ऐच्छिक विषय आहे. १२ आठवडे, आठवड्याला ३ तास, २४ मुलं. दिवाळखोरी संहितेची कलमं त्यांना पाठ आहेत: ७ खाली बँक अर्ज करते, ९ खाली माल पुरवणारा, १४ म्हणजे मोरेटोरियम (वसुलीला तात्पुरती स्थगिती). पण हातात सँक्शन लेटर (बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र) ठेवलं की आधी काय बघायचं ते सुचत नाही, आणि ताळेबंद दिसला की हबकतात. फर्ममध्ये पहिल्या महिन्यात जे काम अंगावर येतं, ते वर्गात कसं करून घ्यावं? आणि हिशेब किती शिकवावा?

– कायदेवर्ग

गहाणखत:
कलमांच्या क्रमाने जाऊ नका. एक काल्पनिक कंपनी घ्या आणि तिची कर्जफाईल सत्रभर चालवा: सँक्शन लेटर, कर्जकरार, हायपोथिकेशन डीड (ताबा न देता माल तारण ठेवल्याचा दस्त), सीएचजी-१ ची पोच (तारणावरचा बोजा, म्हणजे चार्ज, कंपनी निबंधकाकडे नोंदवायचा फॉर्म), खातेउतारा, तीन वर्षांचे ताळेबंद. मुलांना चारचारच्या गटात बसवा. फाईलमध्ये चुका आधीच पेरून ठेवा, पण त्या आहेत हे सांगू नका.

पहिली चूक तारखेची. हप्ता थकला १० जून २०२२ ला. कलम ७ च्या अर्जाला मुदत तीन वर्षांची, म्हणजे १० जून २०२५ पर्यंत. फाईलमध्ये ३१ मार्च २०२५ चा ताळेबंद ठेवा, फक्त त्यातच कर्ज कबूल केलेलं, पण सही २० सप्टेंबर २०२५ ची. बहुतेक मुलं ‘ताळेबंदात कबुली आहे, मुदत वाढली’ असं लिहून मोकळी होतात. कबुली मुदत संपायच्या आत सही झालेली हवी. मोजायची ती सहीची तारीख, वर्षअखेर नव्हे. ताळेबंदातली कबुली चालते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बिशाल जयस्वाल प्रकरणात सांगितलं, पण त्याखालच्या टिपा वाचायलाही सांगितलं. तो निकाल याच आठवड्यात द्या, आधी नको.

दुसऱ्या एका कर्जाची थकबाकी ऑगस्ट २०२० ची ठेवा. कलम १०अ मुळे २५ मार्च २०२० पासूनच्या एका वर्षातल्या थकबाकीवर दिवाळखोरीचा अर्ज कधीच करता येत नाही. कर्ज बुडत नाही, फक्त हा दरवाजा बंद. हा फरक मुलांना लिहून काढायला लावा.

आकडेमोड:
हिशेब भरपूर शिकवा, पण एकाच उदाहरणावर. लिक्विडेशनमध्ये (कंपनी मोडीत काढून मालमत्ता विकली तेव्हा) ६० कोटी आले. प्रक्रियेचा खर्च २ कोटी आधी वजा, उरले ५८. पहिल्या बँकेचे ६० कोटी, दुसरीचे ३६, दोघींनी तारण सोडून दिलेलं. कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी ४ कोटी.

मुलं हमखास कामगारांना पूर्ण ४ कोटी देऊन मग बँकांकडे वळतात. पैसे वाटायचा क्रम ठरवणाऱ्या कलम ५३ मध्ये हे दोघे एकाच पायरीवर आहेत. एकूण १०० कोटींना ५८, म्हणजे रुपयाला ५८ पैसे: कामगारांना २.३२ कोटी, पहिल्या बँकेला ३४.८०, दुसरीला २०.८८. खालच्या पायऱ्यांना शून्य.

आता गहाणखत यांच्या फाईलमधून दुसऱ्या बँकेच्या सीएचजी-१ ची पोच काढून घ्या. चार्ज नोंदलाच नसेल तर कंपनी कायद्याच्या ७७(३) प्रमाणे लिक्विडेटर तो धरत नाही. मग वाटणी ६४ कोटींत: कामगारांना ३.६२५, पहिल्या बँकेला ५४.३७५, दुसरीला काही नाही. एका कागदाला २०.८८ कोटींची किंमत आहे. हे मुलांनी स्वतः वहीत मांडलं की ड्यू डिलिजन्सच्या (कागदपत्रांच्या तपासणीच्या) यादीतली ‘चार्ज नोंदणी तपासली का’ ही ओळ ती पुन्हा कधी नुसती टिकमार्क करणार नाहीत.

कायदेवर्ग:
हे फार कामाचं आहे. पण चार्ज गेलेल्या बँकेला सीओसीत (कर्ज देणाऱ्यांच्या समितीत) मत राहतं का? मुलं हे विचारणारच.

आकडेमोड:
राहतं. मत कर्जाच्या रकमेवर मिळतं, तारणावर नाही. तिचा वाटा ३७.५ टक्के, पहिलीचा ६२.५. कंपनी वाचवायच्या योजनेला ६६ टक्के लागतात, म्हणजे पहिली बँक एकटी योजना मंजूर करू शकत नाही. पण दुसरीने विरोधात मत दिलं आणि लिक्विडेशनच झालं, तर तिच्या हाती शून्य. वाटाघाटीचा तास यावरच घ्या: एक गट पहिली बँक, एक दुसरी, एक योजना घेऊन आलेला अर्जदार. अर्जदाराच्या गटाला कलम २९अ ची (योजना द्यायला कोण अपात्र याची) छाननी आधी लेखी द्यायला लावा, नाहीतर प्रवर्तकाचा मेहुणा अर्जदार म्हणून येतो आणि सगळी वाटाघाट फुकट जाते.

गहाणखत:
शेवटच्या दोन आठवड्यांसाठी आयबीबीआयच्या (दिवाळखोरी मंडळाच्या) संकेतस्थळावरून योजना मंजुरीचा एक खरा आदेश घ्या. लहान कंपनीचा, २०-२५ पानांचा. त्यातला दाव्यांचा तक्ता झाकून ठेवा, आदेशाच्या मजकुरावरून मुलांना तो भरू द्या: दावा किती, मान्य किती, योजनेत किती. मग फॉर्म एच (योजना कायद्यात बसते याचं प्रमाणपत्र) समोर ठेवून कलम ३०(२) मधली योजनेची एकेक अट आदेशात कुठल्या परिच्छेदात आहे ते शोधायला लावा. गुण द्यायचे ते परिच्छेदाच्या क्रमांकाला, निबंधाला नाही.