स्टेंटनंतर विडी-सिगारेट आणि रक्त पातळ करायची गोळी: पेशंटला सगळं सांगावं का?

वारणाकाठ:
माझं मत, सांगावं. हृदयाच्या धमनीत जाळी (स्टेंट) बसवल्यावर गुठळी होऊ नये म्हणून देतात ती क्लोपिडोग्रेलची गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते, यकृतातली एन्झाइम्स तिला कामाची करतात. विडी-सिगारेटच्या धुरानं त्यातलं सीवायपी-१ए२ नावाचं एन्झाइम वाढतं, म्हणून ओढणाऱ्यांत ही गोळी प्लेटलेट (गुठळी बांधणाऱ्या रक्तपेशी) जास्त दाबते. २०१३ च्या 'पॅराडॉक्स' अभ्यासात न ओढणाऱ्यांत तिचा परिणाम कमी दिसला. प्रासुग्रेल या त्याच कामाच्या गोळीनं त्यांच्यातही प्लेटलेट चांगल्या दबल्या. मामांची मिरजेत अँजिओप्लास्टी झाली, घरी सोडताना 'विडी बंद' एवढंच सांगितलं. विडी सुटल्यावर गोळीचा जोर उतरेल का, हे विचारायचा हक्क त्यांना नाही?

तासगावची_ताई:
माझा ठाम विरोध. पारावर 'विडीनं गोळी चांगली लागते' एवढंच पोचणार! अहो, तोच धूर प्लेटलेट चिकट करतो, फायब्रिनोजेन हे गुठळी बांधणारं प्रथिन वाढवतो, धमनीचं अस्तर खराब करतो. गोळीला चार आण्यांची मदत आणि गुठळीला रुपयाची. आमच्याकडे विडी सोडायला निमित्त लागत नाही, चालू ठेवायला मात्र हजार सापडतात.

वारणाकाठ:
ताई, आपण गप्प बसलो तरी तेच अर्धं वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवरून येतंच. मग उरलेलं अर्धं कोण सांगणार?

विश्रामबाग_मेडिकल:
दोघांचंही ऐकलं. मला सांगण्याआधी विचारणं महत्त्वाचं वाटतं. काउंटरवर बायको शेजारी असली की माणूस 'कधीच सोडली' म्हणतो. डॉक्टरांपुढेही तेच होत असणार, मग त्यांनी गोळी कशी निवडायची?
तंबाखू मळणाऱ्यांनी आणि मिसरी लावणाऱ्या आयाबायांनीही ऐकावं: एन्झाइम वाढतं ते जळत्या धुरामुळे, निकोटिनमुळे नाही. तुमच्या गोळीला त्यातून काही मिळत नाही, हृदयाचं नुकसान मात्र होतंच.
टिकाग्रेलॉर या अशाच आणखी एका गोळीला यकृतात बदलावं लागत नाही, पण ते दिवसातून दोनदा घ्यायचं, आणि काहींना धाप लागते. पूर्वी पक्षाघात झालेल्याला प्रासुग्रेल देत नाहीत. त्यामुळे विडी सुटली की गोळी बदलायचीच, असं सरसकट नसतं.

तासगावची_ताई:
माहिती मान्य, क्रम नाही. आधी विडी सोडवा, एन्झाइमचं पुढच्या तपासणीला सांगा. आणि 'अटॅकनंतर ओढणारे जास्त वाचतात' हे आकडे इथे कुणी आणू नका. ओढणाऱ्यांना अटॅकच साधारण दहा वर्षं आधी येतो. वय कमी, म्हणून आकडे बरे दिसतात.

वारणाकाठ:
हे शेवटचं पटलं. पण पुढच्या तपासणीपर्यंत थांबणं पटत नाही. धूर थांबला की वाढलेलं एन्झाइम काही दिवसांतच उतरतं, आणि स्टेंटमध्ये गुठळीचा धोका पहिल्या महिन्यातच सर्वांत जास्त. म्हणून घरी सोडतानाच तीन गोष्टी एका दमात सांगा: विडी आजपासून बंद, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी स्वतःच्या मनानं एक दिवसही चुकवायची नाही, आणि विडी कधी सोडली ते डॉक्टरांना खरं सांगायचं. मामांना मी कालच तिन्ही सांगितल्या. त्यांनी एन्झाइमबद्दल दोन प्रश्न विचारले, विडी मागितली नाही.

तासगावची_ताई:
तुमचे मामा ऐकणारे आहेत. आमच्या वाड्यातले नाहीत. माझं मत तेच.