कृत्रिम गुडघ्यात जंतू आहेत का, हे कोणत्या स्कॅनमध्ये कळतं? मदत हवी आहे

आम्ही राजापूर तालुक्यातले. अण्णांचा (वय ७१, मधुमेह) गुडघा दोनेक वर्षांपूर्वी बदलला. गणपतीपासून तो दुखतोय, हात लावला की गरम लागतो. सीआरपी (रक्तातली दाह दाखवणारी तपासणी) वाढलेला आहे. सांध्यातलं पाणी कल्चरला (जंतू वाढतात का ते पाहायला) दिलं, त्यात काही वाढलं नाही. पण त्याआधीच अँटिबायोटिक सुरू झालं होतं, त्यामुळे त्यावर कितपत विसंबायचं कोण जाणे. सांधा नुसता सैल झालाय की आत जंतू बसलेत, हे एक्स-रेवरून ठरत नाही. जंतू असतील तर दोन ऑपरेशनं करावी लागतील म्हणे.

सर्जन म्हणतात, मुंबईला जाऊन न्यूक्लिअर स्कॅन करा. एका ठिकाणी पेट-सीटी सुचवला, दुसरीकडे पांढऱ्या पेशींचा स्कॅन. नक्की कोणता करावा? घरात आठ महिन्यांचा नातू आहे, त्याला काही होणार नाही ना? आईचं वेगळंच: "जैतापूर नको म्हणून मोर्च्यात गेलो, नि आता तोच अणू अंगात टोचून घ्यायचा?"

प्रतिसाद:
मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेटमधलं एफडीजी हे ग्लुकोजसारखं द्रव्य. दाह जंतूंमुळे असो वा सैल सांध्याच्या घासण्याने, ते दोन्हीकडे साचतं. शिवाय अण्णांची साखर वाढलेली असेल तर चित्र बिघडतं. पांढऱ्या पेशींच्या स्कॅनमध्ये त्यांचंच रक्त काढून पेशी वेगळ्या करतात, त्यांना टेक्निशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य जोडून परत टोचतात. या पेशी संसर्गाच्या जागी जमतात, पण हाडाच्या मगजातही जातात. म्हणून तुलनेसाठी सोबत मगजाचा स्कॅन होतो का, हे आधी विचारा. थेट जंतूंनाच चिकटणारं युबिक्विसिडिन नावाचं पेप्टाइडही (प्रथिनाचा छोटा तुकडा) आहे, भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यावर काम झालंय. तेही कुठे मिळतं का पाहा. अँटिबायोटिक मात्र मनाने बंद करू नका, सर्जनना विचारा.

टेक्निशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, म्हणजे २४ तासांनी सोळावा हिस्सा, आणि लघवीवाटे जातं ते वेगळंच. आईंना एवढं सांगा. नातवाला पहिला दिवस मांडीवर घेऊ नये, बास. पांढऱ्या पेशींचे फोटो बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशीही काढतात, तेव्हा परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका.