रायझन 5600 प्रोसेसर (सीपीयू) अन् आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड (जीपीयू), तरी गेम अडखळतोय

प्रश्न: बी450 मदरबोर्ड, 3600 स्पीडच्या 8 जीबीच्या दोन रॅम. 1080पीला जीपीयूचा वापर 60 टक्क्यांवरच, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मध्येच धाडकन खाली. टास्क मॅनेजर रॅमचा स्पीड 2400 दाखवतोय. पॉवर सप्लाय बदलू का?

– पॉवर सप्लायला हात लावू नका, पैसे वाया जातील. एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडने चालवणारी सेटिंग, बंद आहे. पीसी चालू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जा, एक्सएमपीचं प्रोफाइल 1 निवडा, एफ10ने सेव्ह करा. बूट अडलं तर 3200 ठेवा.

– रॅमचे स्लॉटही बघा राव! चार स्लॉट असतील तर सीपीयूपासून दुसरा आणि चौथा हवा. पहिल्या-दुसऱ्यात किंवा तिसऱ्या-चौथ्यात खोचल्या की सिंगल चॅनेल, म्हणजे बँडविड्थ (डेटा ने-आण करायची क्षमता) निम्मी. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबमध्ये कळेल.

– प्रोसेसरचं तापमानही तपासा. 90 अंशांना 5600 स्वतःच वेग उतरवतो.