हवाई बेटांच्या थीमची पार्टी आणि घरी केलेली आमंत्रणं: तुमचे अनुभव सांगा

नलू_मुरूड
काल भाचीचा फोन आला. सासूबाईंच्या साठीला हवाई थीम ठरलीय, आमंत्रणं छापायला टाकू की मोबाइलवर पाठवू, असं विचारत होती. म्हटलं, थांब गं, दोन्ही नको. मला एकदम आमच्या लेकीचा वाढदिवस आठवला. मे महिना, मुंबईची सगळी भावंडं आलेली, आणि मुलांनीच हवाई हवाई करून घर डोक्यावर घेतलेलं.

वाडीत सुपारीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाची रुंद, चिवट सालं, पडलेल्याच असतात. त्या भिजवल्या, रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवल्या, सकाळी कात्रीने पोस्टकार्डाएवढे तुकडे कापले. विरीची आतली बाजू इस्त्री केल्यासारखी गुळगुळीत असते, पण शाई तिच्यावर पसरते आणि बॉलपेन घसरतं. शेवटी सासऱ्यांनी दाभण तापवून अक्षरं डागून दिली. वर 'अलोहा', खाली 'संध्याकाळी ५ वाजता, मागच्या माडांखाली'. डागताना सुटलेला तो धुरकट वास कार्डांना बरेच दिवस होता. कोपऱ्याला भोक पाडून केळीच्या सोपाने (खोडाच्या सालाच्या दोरीने) एकेक चाफा बांधला. चाफा मात्र द्यायच्या दिवशीच बांधायचा, दुसऱ्या दिवशी कडेने काळा पडतो.

तुम्ही कुणी असं काही केलंय का? लिहा, भाचीला सगळं वाचायला देणार आहे.

मुग्धा_रत्नागिरी
जास्वंद!! लाल जास्वंदीच्या पाकळ्या जाड कागदावर चोळायच्या, जांभळट रंग उतरतो. वाळला की लिंबाच्या रसात काडी बुडवून लिहायचं. अक्षरं गुलाबी उमटतात, मुलं वेडी होतात. चुन्याच्या निवळीने हिरवट पानंसुद्धा काढता येतात. उन्हात रंग विटतो, म्हणून लगेच वाटून टाका. आणि हवाईचं राज्यफूल जास्वंदच आहे, पिवळी, त्यांच्या तिकडची. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

वेंगुर्लेकार
आमी असोल्या (न सोललेल्या) नारळार रंगान लिवलेला. परड्यातले सुके नारळ, वरसून पांढरो रंग, मगे नाव नि वेळ. घरोघर जावन हातात दिलो. म्हातारी माणसा तर खूश, आमंत्रणाक नारळ म्हणजे मानच तो! हवाईत मोलोकाई बेटार होओलेहुआ म्हणून पोस्ट हा, थयसून लोक नारळारच पत्तो लिवन, तिकिटा लावन पाठवतत. खोको नाय, पिशवी नाय.

ऋता
@वेंगुर्लेकार आमच्या पोस्टमन काकांना सायकलवर एवढे नारळ दिले तर ते घरी येऊन आधी नारळ सोलायला सोलाणाच मागतील 😄

वेंगुर्लेकार
@ऋता आणि चाय पण!

श्रीवर्धनी
नलूताई, विऱ्या वाचून पोटात कालवलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची वाडी एका दुपारी आडवी झाली. रोठा जातीची सुपारी, आजेसासऱ्यांनी लावलेली. पुन्हा लावलीय, पण सुपारीला धरायला वर्षं लागतात. विषय आमंत्रणांचा आहे, माहितीय, पण राहवलं नाही.

नलू_मुरूड
अगं, लिही की. आमच्याकडेही त्या दिवशी अर्धी वाडी गेली. पोफळी मोडताना जो आवाज येत होता तो अजून कानात आहे. तुझी रोपं केवढी झाली आता? पाणी पाटाने देतेस की ठिबक?

श्रीवर्धनी
ठिबक केलंय. डोक्याच्या वर गेलीत. मधे केळी आहेत, त्यावर सध्या भागतंय.

सावंतवाडीची_मावशी
आमच्या शेजारणीने गंजिफासारखी (जुन्या हाताने रंगवलेल्या पत्त्यांसारखी) गोल आमंत्रणं केली होती. राजवाड्यात गंजिफा रंगवतात ते लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे हात बसलेला. लाल काठ, मधे दशावतारातल्या मत्स्याऐवजी कासव. हवाईच्या समुद्रातही कासवं आहेत आणि आमच्या कोकणातल्या वेळासलाही अंडी घालायला येतात. माझं कार्ड अजून देव्हाऱ्याजवळ लावलंय.

अण्णा
मेन्यू काय ठेवला होता? अननस सोडून बोला.

मुग्धा_रत्नागिरी
@अण्णा अळूवडी! हवाईत अळू म्हणजे मुख्य अन्न. कंद उकडून, कुटून त्याची पोई करतात. पानात डुकराचं मांस, मासे गुंडाळून वाफवतात, ते लाऊलाऊ. आणि नारळाच्या दुधाची हाऊपिया वडी असते. आपल्याला परकं काय आहे त्यात?

अण्णा
मग मी येतो. वडीचंच अळू हवं पण, फदफद्याचं नको, घशाला खाजतं.

ऋता
एक मनापासून सांगते. आमंत्रणावर गवताचे घागरे आणि नाचणाऱ्या बायकांची चित्रं नका काढू. हुला हा नाच तिथल्या लोकांची विद्या आहे, गुरूकडे बसून शिकतात. त्यापेक्षा फुलांचा हार काढा. पाहुण्याला लेई घालणं म्हणजे माया आणि मान, आणि घालणाऱ्यासमोर ती काढून ठेवणं बरं मानत नाहीत. मी आमंत्रणासोबतच सुरंगीच्या फुलांचा छोटा वळेसर (गजरा) दिला होता, 'हा घालूनच या' असं लिहून. सगळ्या घालून आल्या! सुरंगी फेब्रुवारी ते एप्रिलच मिळते, नंतर अबोली घ्या. आणि तारीख ठरली नसेल तर १ मे घ्या. आपला महाराष्ट्र दिन, आणि तिकडे १९२८ पासून त्याच दिवशी लेई डे असतो.

सावंतवाडीची_मावशी
ऋता, सुरंगी कुठून आणलीस गो? यंदा कळ्या आधीच संपल्या म्हणतात.

ऋता
आसोलीहून, मावशी. पहाटे काढतात, ऊन चढलं की फुलतात आणि मग ओवायला नको होतात.

दर्यावर्दी
भेंडाच्या झाडाचं पान कार्डावर ठेवून जुन्या टूथब्रशने रंग शिंपडा, पान उचला. बदामाचा आकार राहतो. भेंड आणि उंडी ही दोन्ही झाडं हवाईतही आहेत, जुने लोक त्या लाकडाची भांडी करत. शिंपले लावणार असाल तर पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूतून) जिवंत उचलू नका. तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) आमटीनंतरचे धुऊन वाळवा, तेच सुंदर दिसतात.

पुण्याची_भाची
मावशीने लिंक दिली. सगळं वाचलं, सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्यांना विरीचंच हवंय! पण इथे विरी कुठे मिळणार? दुकानात नुसत्या प्लेटा आहेत.

नलू_मुरूड
प्लेटा नको, त्या साच्यात दाबलेल्या असतात, सरळ होत नाहीत. किती माणसं ते कळव. भिजवून, दाबून, कापूनच देते. शनिवारी दापोली-पुणे एसटीने पार्सल टाकते, स्वारगेटला उतरवून घ्या. दाभण घरात आहे ना? जावईबापूंना सांग, डागताना खिडकी उघडी ठेवा.